पर्यावरणाचं अनुदान घेऊन गाई-मेंढ्या परवडतात का? (इंग्लंडमधला अनुभव)

रानजाई
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते.

आम्ही कंब्रियात, ईडन नदीच्या खोऱ्यात राहतो. सासरचं ९६ हेक्टरचं गवताळ शेत आहे. ४० सकलर गाई (ज्यांचं दूध आपण काढत नाही, वासरूच पितं) आणि ३५० मेंढ्या. बाहेरची कामं नवरा आणि सासरे बघतात, वह्या माझ्याकडे.

पूर्वी हेक्टरी बेसिक पेमेंट (जमिनीच्या क्षेत्रावर मिळणारं सरकारी अनुदान) मिळायचं, शेवटी शेवटी सुमारे २३३ पौंड. आमचे साधारण बावीस हजार व्हायचे. २०२१ पासून त्याला कात्री लागली. यंदा, २०२५ मध्ये, ७६ टक्के कापून पाच हजार तीनशेच्या आसपास आले. पुढच्या वर्षी चारशे-साडेचारशे येतील आणि २०२७ नंतर काहीच नाही.

त्याच्या जागी आम्ही २०२४ मध्ये एसएफआयचा (सस्टेनेबल फार्मिंग इन्सेन्टिव्ह, पर्यावरणपूरक शेतीसाठी पैसे देणारी सरकारी योजना) तीन वर्षांचा करार केला. १४ हेक्टर हर्बल ले (अनेक वनस्पतींचं मिश्र कुरण), हेक्टरी ३८२ पौंड. २२ हेक्टर कमी खताचं गवत, हेक्टरी १५१. ३० हेक्टरवर क्लोव्हरसारखी शेंगवर्गीय पिकं, हेक्टरी १०२. ६ किलोमीटर कुंपणझाडी, शिवाय खत व्यवस्थापनाचा आराखडा. सगळं मिळून वर्षाला साडेतेरा हजारांच्या घरात.

सासऱ्यांचं म्हणणं असं की हा पैसा दिसतो मोठा, पण गवत कमी झालं, चारा विकत आणावा लागतो, म्हणजे एका हाताने आलं ते दुसऱ्या हाताने गेलं. नवरा म्हणतो, हा पैसा नसता तर गेल्या वर्षी बँकेत तोंड दाखवता आलं नसतं. दोघंही खोटं बोलत नाहीत. वह्या बघून मलाच ठरवता येत नाही कोण बरोबर आहे.

करार २०२७ मध्ये संपेल. तेव्हा पुन्हा अशा योजनेत जायचं की नाही, हा खरा प्रश्न. कुणी या धंद्यात असाल तर मनापासून सांगा.

चकवाचांदणं
वाचतेय. विषय अगदी नवीन आहे माझ्यासाठी. एक बाळबोध प्रश्न: सरकार गवताला कमी खत घालायचे पैसे का देतं?

धनगरवाट
@चकवाचांदणं, बाळबोध अजिबात नाही. मी वेल्समध्ये डोंगराळ गवताळ जमिनींवर संशोधन करतो, थोडं मागचं सांगतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर इथे धोरण होतं जास्तीत जास्त पिकवा. पाणथळ कुरणांचा निचरा करा, नांगरा, खत घाला, अनुदान घ्या. पुढे मेंढ्यांवर डोक्यागणिक पैसे मिळू लागले. जितकी मेंढरं तितका चेक. डोंगरावर झेपतील त्यापेक्षा कितीतरी जास्त मेंढ्या गेल्या, हेदरची झुडपं संपली, माती उघडी पडली. २००५ मध्ये पैसा डोक्यांपासून तोडून जमिनीला जोडला.

दरम्यान नॉरफकमध्ये हॅल्व्हरगेट नावाची पाणथळ कुरणं आहेत. तिथले शेतकरी ती नांगरून गहू लावायला निघाले, कारण गव्हाला भाव होता. मोठा वाद झाला. १९८५ मध्ये त्यांना एकरी ५० पौंड देऊ केले: नांगरू नका, गाई चरत राहू द्या. बहुतेकांनी घेतले. आज ज्याला आपण पर्यावरणाचं अनुदान म्हणतो त्याची इंग्लंडमधली सुरुवात ही. १९८७ मध्ये त्यातूनच पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रांची योजना आली.

म्हणजे या पैशाची कल्पनाच अशी आहे की तुम्ही काहीतरी सोडताय, त्याची भरपाई. ब्रेक्झिटनंतर २०२० च्या शेती कायद्याने हेच मुख्य धोरण केलं: सार्वजनिक पैसा सार्वजनिक हितासाठी. पाणी, माती, पक्षी, कार्बन.

चकवाचांदणं
धन्यवाद! म्हणजे नुकसानभरपाई. मग त्यात नफा कसा होणार?

हिशेबनीस
नेमक्या जागी बोट ठेवलंत.

मी लेस्टरला हिशेब तपासनीस आहे, तीसेक शेतकरी कुटुंबांची कामं बघतो. जागतिक व्यापार संघटनेच्या शेती करारात दुसरं परिशिष्ट आहे. त्याच्या बाराव्या परिच्छेदात लिहिलंय की पर्यावरण कार्यक्रमातला मोबदला हा अट पाळण्यासाठी झालेला जादा खर्च किंवा बुडालेलं उत्पन्न इतकाच असावा. दर ठरवणारे सरासरी शेतकरी डोळ्यांसमोर ठेवून ही बेरीज करतात.

आता सरासरी शेतकऱ्याचं नुकसान बरोबर तेवढंच भरून निघत असेल, तर ज्याचं नुकसान सरासरीपेक्षा कमी त्याला फायदा आणि ज्याचं जास्त त्याला तोटा. सगळ्यांना परवडतं किंवा कुणालाच परवडत नाही असं म्हणताच येत नाही. रानजाईताई, तुमचं प्रत्येक कुरण वेगळं तपासावं लागेल. ओलसर, सावलीतलं, तसंही कमी पिकणारं कुरण योजनेत टाकलं असेल तर तुमचं बुडालेलं उत्पन्न थोडं. चांगलं पिकणारं टाकलं असेल तर सासरे बरोबर.

२२ हेक्टरचा हिशेब द्याल का? गवत कापून गुंडाळलेले चाऱ्याचे किती गोळे कमी झाले, खत किती वाचलं, गोळ्यामागे कापणी-गुंडाळणीला काय पडायचं?

ढवळ्यापवळ्या
मी सॉमरसेटला ३२० गाईंच्या डेअरीवर काम करतो, नऊ वर्षं. आमच्या मालकाने एसएफआयचा कागद दहा मिनिटांत बाजूला ठेवला. आमचं गवत हेक्टरी दहा हजार लिटर दूध देतं. त्यावर कुणी १५१ पौंड दाखवले तर काय करायचं? कुंपणझाडीचे तेवढे घेतले, कारण झाडी आहेच आणि ती दोन-तीन वर्षांनी एकदा कापायची, म्हणजे कापायचा खर्चही वाचला.

डेअरीला खरा पर्यावरणाचा पैसा म्हणजे स्लरीच्या (शेण-मुताच्या पातळ घोळाच्या) टाकीचा. २०२२ मध्ये योजना आली: सहा महिन्यांची साठवण करा, निम्मा खर्च सरकारचा, २५ हजारांपासून अडीच लाख पौंडांपर्यंत. कायद्याने चार महिन्यांची साठवण आधीच सक्तीची. मालकाने घेतली. निम्मा म्हणजे सरकारने ठरवलेल्या दराच्या निम्मा. काँक्रीट आणि पोलाद त्याच्या वर गेलं ते आमच्या खिशातून. शिवाय आधी सगळं काम करून बिल भरायचं, मग पैसे. मधल्या काळाचं बँकेचं व्याज कुणी धरत नाही.

पण खरं सांगतो, आता जानेवारीत पावसात स्लरी पसरायला टँकर बाहेर काढावा लागत नाही. मार्च-एप्रिलमध्ये गवत वाढताना टाकतो, तर नत्र गवतात जातं, ओढ्यात नाही. विकतचं खत बरंच कमी झालं. हा फायदा अनुदानाच्या कागदावर कुठेच नाही.

मोरपंखी_७१
४० गाई, ३५० मेंढ्या, एक नवरा, एक सासरे आणि एक वही. ताई, सगळ्यात अवघड जनावर कोणतं?

रानजाई
@मोरपंखी, टेक्सेल जातीचा मेंढा. बाकी सगळे शब्दाला मान देतात. :)

@हिशेबनीस, आकडे देते. २२ हेक्टरवर साधारण १०० गोळे कमी झाले. गेल्या वर्षी गोळा ३५ ला मिळत होता. कापणी-गुंडाळणीला गोळ्यामागे १२ जायचे. खताचे वर्षाला १,४०० वाचले.

हिशेबनीस
मांडू या.

मोबदला: २२ × १५१ = ३,३२२.
वाचलं: १०० × १२ = १,२००, अधिक खत १,४००. एकूण २,६००.
विकतचा चारा: १०० × ३५ = ३,५००.
हाती राहिले २,४२२ पौंड.

सासरे ३,३२२ मधून ३,५०० वजा करतात आणि म्हणतात तोटा. पण ते शंभर गोळे आधीसुद्धा फुकट तयार होत नव्हते, हे राहून जातं. माझे निम्मे पक्षकार इथेच अडखळतात, कारण विकतच्या चाऱ्याचं बिल येतं, घरच्या चाऱ्याचं बिल येत नाही.

वाटसरू_पुणेकर
म्हणजे नवऱ्याचा विजय. धागा बंद करायला हरकत नाही.

ढवळ्यापवळ्या
थांबा थांबा. हिशेबनीस, तुम्ही गोळा ३५ ला धरलात. यंदा इंग्लंडमध्ये शंभरहून अधिक वर्षांतला सगळ्यात कोरडा वसंत गेला. पुढे उन्हाळाही तापला. आमच्याकडे जुलैतच हिवाळ्याचा चारा काढावा लागला. गोळा ५० च्या खाली मिळत नाहीये.

हिशेबनीस
बरोबर. ५० ने धरलं तर ३,३२२ + २,६०० − ५,००० = ९२२. हाती राहतात, पण जेमतेम. गोळा साठला गेला तर उलटं होईल. अशा योजनेत उतरणारा माणूस नकळत चाऱ्याच्या बाजाराशी बांधला जातो. करारातला दर तीन वर्षं तोच, गोळ्याचा भाव दर महिन्याला वेगळा.

गोवैद्य
थोडी दुरुस्ती सुचवतो. कोरड्या वर्षी ते २२ हेक्टर योजनेबाहेर असते तरी शंभर गोळे जास्तीचे आले नसते. पाणीच नव्हतं, खत घालून काय होणार? तेव्हा यंदाचं नुकसान १०० नाही, कदाचित ५०-६० गोळ्यांचंच असेल.

मी डेव्हनमध्ये मोठ्या जनावरांचा डॉक्टर आहे. पैशाबद्दल हिशेबनीसांनी सांगितलं, मी जनावरांच्या बाजूने सांगतो, विशेषतः हर्बल लेबद्दल.

यात नुसतं रायग्रास (इथलं नेहमीचं पेरायचं गवत) नसतं. चिकोरी, प्लँटेन, तांबडं आणि पांढरं क्लोव्हर, बर्ड्सफूट ट्रेफॉइल अशी दहा-बारा प्रकारची वनस्पती एकत्र असते. चिकोरीचं मूळ खोल जातं, म्हणून दुष्काळात रायग्रास तपकिरी पडलं तरी हे हिरवं राहतं. २०२२ च्या उन्हाळ्यात मी हे डोळ्यांनी पाहिलं, यंदा पुन्हा पाहिलं. ट्रेफॉइलमध्ये टॅनिन असतं, त्याने कोकरांच्या पोटातले जंत आटोक्यात राहायला मदत होते. माझ्या दोन पक्षकारांचं जंताच्या औषधाचं बिल घटलं आणि कोकरं लवकर विक्रीला गेली. क्लोव्हर हवेतलं नत्र जमिनीत आणतं, म्हणजे खत कमी लागतं.

आता धोके. एक, तांबड्या क्लोव्हरमध्ये इस्ट्रोजेनसारखं द्रव्य असतं. मेंढा सोडायच्या काळात मेंढ्या त्यावर ठेवल्या तर गाभण राहण्याचं प्रमाण घटतं. ताई, तुमच्याकडे मेंढ्या आहेत म्हणून मुद्दाम लिहितो. मेंढा सोडायच्या आधी सहा आठवडे तरी त्यांना दुसऱ्या कुरणात न्या. दोन, भुकेली गाय थेट क्लोव्हरमध्ये सोडली तर पोट फुगतं. आधी पोटभर वाळलं गवत द्या. तीन, हे कुरण सलग चरू दिलं तर चिकोरी दोन वर्षांत नाहीशी होते. तुकडे पाडून, फिरवून चारलं तर चार-पाच वर्षं टिकतं. फिरवणं म्हणजे विजेचं कुंपण, पाण्याच्या कुंड्या, रोजची मेहनत. ती ३८२ मध्ये मोजली आहे की नाही, ते तुमच्या नवऱ्याला विचारा.

रानजाई
डॉक्टर, तांबड्या क्लोव्हरचं आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं! गेल्या हिवाळ्यात १९ मेंढ्या रिकाम्या निघाल्या, नेहमी आठ-नऊ निघतात. आम्ही मेंढ्याला दोष देत बसलो. आज जेवताना हाच विषय झाला आणि सासरे बराच वेळ गप्प होते.

गोवैद्य
क्लोव्हरच असेल असं नाही हं. मेंढ्याची तपासणी करून घ्या, रक्तही तपासा. आणि वार्षिक पशुआरोग्य भेटीचे पैसे सरकार देतं. सुरुवातीच्या दरांत मेंढ्यांसाठी ४३६ आणि बीफच्या गाईंसाठी ५२२ पौंड होते. अनेकांना माहीत नसतं. सगळ्या योजनांमध्ये माझ्या मते पशुपालकाला निर्विवाद परवडणारी हीच, कारण तिच्यासाठी एक इंचही गवत सोडावं लागत नाही. (माझा धंदाच तो, हे लक्षात घेऊन वाचा.)

कुळकायदा
सगळे स्वतःची जमीन असल्यासारखं बोलताय. आम्ही कूळ आहोत. श्रॉपशरला ७० हेक्टर पट्ट्याने घेतलेली, दर पाच वर्षांनी नूतनीकरण. एसएफआयला जमीनमालकाची परवानगी लागत नाही, ही फार चांगली गोष्ट होती. जुन्या योजनांमध्ये कूळ मागेच राहायचं. पण नूतनीकरणाच्या वेळी मालकाने भाडं वाढवायला सांगितलं, आणि कारण काय, तर तुम्हाला आता हेक्टरी इतके मिळतात. म्हणजे भरपाई माझ्या नुकसानीची आणि वाटा त्यांचा. शेजारच्या गावात तर मालकानेच जमीन परत घेऊन योजनेत घातली. तिथे बारा वर्षं मेंढ्या चारणारा माणूस आता ट्रक चालवतो.

परवडतं का असं विचाराल तर मला दोन वर्षं परवडलं, तिसऱ्या वर्षी भाड्यात गेलं.

चकवाचांदणं
@कुळकायदा, वाचून वाईट वाटलं. हे कुणी मोजत नाही का?

धनगरवाट
२०२२ मध्ये कुळांच्या प्रश्नावर रॉक समितीचा अहवाल आला होता, त्यात हेच धोके लिहिले आहेत. अंमलबजावणी अर्धीमुर्धी.

अवांतर: आमच्याकडे वेल्समध्ये वेगळीच गंमत झाली. नव्या योजनेत प्रत्येक शेतावर १० टक्के झाडी असावी अशी अट होती. २०२४ च्या मार्चमध्ये शेतकऱ्यांनी सेनेडच्या (वेल्सच्या संसदेच्या) पायऱ्यांवर ५,५०० गमबुटांचे जोड मांडले, जातील त्या नोकऱ्यांची खूण म्हणून. शेवटी ती सरसकट अट मागे घेतली.

वाटसरू_पुणेकर
मी करदात्याच्या बाजूने बोलतो. भाच्याकडे ब्रिस्टलला सहा महिने राहून आलो, तिथेही हाच वाद ऐकला. गवत कमी पिकवायला पैसे द्यायचे आणि मग न्यूझीलंडहून कोकराचं मांस आणायचं, यात पर्यावरणाचं काय भलं? प्रदूषण फक्त दुसऱ्याच्या अंगणात गेलं.

धनगरवाट
हा आक्षेप गंभीर आहे. न्यूझीलंडशी मुक्त व्यापार करार मे २०२३ पासून लागू आहे, त्यामुळे प्रश्न आणखी टोकदार होतो. पण सगळीकडे उत्पादन घटतंच असं नाही. ख्रिस क्लार्क आणि ब्रायन स्कॅनलन यांनी २०१९ मध्ये डोंगराळ शेतांच्या हिशेबांवर एक अहवाल लिहिला. क्लार्क स्वतः तेव्हा यॉर्कशर डेल्समध्ये नेदरगिल नावाचं शेत करत होते. त्यांनी खर्चाचे दोन भाग केले. एक, जनावर वाढलं की सरळ वाढणारा खर्च. दुसरा, निसर्गाने दिलेलं गवत संपल्यावर ते भरून काढायला येणारा खर्च: विकतची पेंड, खत, जास्तीचं औषध.

जोवर शेताचं स्वतःचं गवत पुरतं तोवर प्रत्येक जनावर पैसे मिळवतं. ते संपलं की पुढचं जनावर दुरुस्तीच्या खर्चावर जगतं आणि आधीच्या जनावरांनी मिळवलेलं खातं. त्यांनी तपासलेल्या बहुतेक शेतांवर जनावरं त्या बिंदूच्या पुढे गेली होती. संख्या कमी केली तर नफा वाढत होता, अनुदान बाजूला ठेवूनसुद्धा.

ताई, म्हणून मी तुम्हाला वेगळा प्रश्न विचारेन. चाळिसावी गाय काय मिळवते?

हिशेबनीस
+१. हा प्रश्न योजनेपासून वेगळा ठेवा. शंभर गोळे म्हणजे गाईला हिवाळ्यात नऊ धरले तर अकरा गाई. त्या अकरांपैकी एकीचा, चारा सोडून बाकी सगळा खर्च जाऊन, किती उरतो?

रानजाई
वही उघडली. आमच्या शेवटच्या दहा-बारा गाई जुन्या गोठ्यात असतात, तिथे बसायला पेंढाही विकतचा. २०२३ मध्ये त्यांचा चारा सोडून उरलेला आकडा गाईमागे २७० होता. यंदा वासरांचे भाव असे चढलेत की ५६० आहे.

हिशेबनीस
२०२३: नऊ गोळे × ३५ = ३१५. म्हणजे २७० मिळवून ३१५ खाल्ले. गाईमागे ४५ चा तोटा, अकरांचे मिळून ४९५.
यंदा: नऊ × ५० = ४५०. ५६० मधून वजा, ११० उरले.

तेव्हा २०२३ मध्ये या गाई ठेवायला नको होत्या, यंदा ठेवल्या ते बरं झालं.

ढवळ्यापवळ्या
आणि यंदाचा भाव कायमचा धरू नका. २०२५ मध्ये बीफचे भाव विक्रमी गेले कारण देशात गाईच कमी झाल्या आहेत. दुधात मी असे चढउतार तीनदा पाहिलेत. भाव चढला की सगळे गोठे वाढवतात, दोन वर्षांनी पडतो.

कुळकायदा
पण उलटही बघा. एसएफआयचे दर ठरले तेव्हा बीफ इतकं महाग नव्हतं. बुडालेलं उत्पन्न तेव्हाच्या भावाने मोजलेलं. आज तेच कुरण चांगलं पिकवलं तर जास्त मिळेल. दर मात्र तिथेच.

मोरपंखी_७१
इतके आकडे वाचून मीच रवंथ करायला लागलो. पण धागा सोडवत नाही.

सुगरण_पक्षी
माझा मुद्दा भावनिक वाटेल, तरी लिहिते. आम्ही हेरफर्डशरला मेंढ्या पाळतो, छोट्या प्रमाणावर. कुंपणझाडी दरवर्षी कापायची सोडली तसा तिसऱ्या वर्षी हॉथॉर्नला फळं धरली आणि हिवाळ्यात फील्डफेअर पक्ष्यांचे थवे उतरले. नवरा पासष्ट वर्षांचा, इथलाच जन्म. म्हणाला, लहानपणी असे बघायचो, मग विसरलोच होतो. १०० मीटरला एका बाजूचे १३ पौंड मिळतात. त्या पैशांत काही होत नाही. पण कापणीचं डिझेल आणि दोन दिवस वाचतात, आणि आडोशाला कोकरं गारठत नाहीत. मार्चच्या वाऱ्यात त्याची किंमत मेंढीवाल्याला विचारा.

गोवैद्य
अनुमोदन. थंडी-वाऱ्याने दगावणारी कोकरं हा मोठा आणि न मोजला जाणारा तोटा आहे.

कुळकायदा
एक गोष्ट कुणी बोललं नाही: भरवसा. ११ मार्च २०२५ ला संध्याकाळी एसएफआयचे नवे अर्ज एका फटक्यात बंद झाले, पूर्वसूचना नाही. माझ्या मेहुण्याचा अर्ज अर्धा भरलेला होता. त्याने हर्बल लेचं बियाणं आधीच आणून ठेवलं होतं. नंतर ज्यांनी शेवटच्या दोन महिन्यांत अर्ज सुरू केला होता त्यांना आत घेतलं, पण वर्षाला ९,३०० पौंडांच्या मर्यादेत. गाय गाभण राहून तिचं वासरू विकेपर्यंत दोन-अडीच वर्षं जातात. धोरण एका संध्याकाळी बदलतं. या दोन गोष्टी एकत्र बसवायच्या कशा?

हिशेबनीस
हीच सगळ्यात महत्त्वाची अडचण. म्हणून माझा पक्षकारांना आग्रह असतो की योजनेच्या पैशावर कर्जाचा हप्ता बसवू नका. ट्रॅक्टर घेऊ नका. त्या पैशातून एक तर कर्ज फेडा किंवा जे एकदाच करायचं आहे ते करा: कुंपण, पाण्याची लाइन, गोठ्याचं छप्पर. करार संपला तरी ते राहतं.

एक करविषयक गोष्ट चांगली झाली आहे. पूर्वी जमीन पर्यावरणाच्या करारात गेली की वारसा करातली शेतीची सवलत जाईल अशी भीती असायची. ६ एप्रिल २०२५ पासून अशा करारातल्या जमिनीलाही ती सवलत लागू केली आहे. सासऱ्यांच्या वयाचा विचार करता हे त्यांना जरूर सांगा. फक्त सवलतीच्या मर्यादेचे नियम एप्रिल २०२६ पासून बदलतात, तेव्हा सल्लागाराला भेटूनच पुढे जा.

वाटसरू_पुणेकर
आधी धागा बंद करायला निघालो होतो, ते मागे घेतो. माझा करदात्याचा आक्षेप कायम आहे. पण ओढ्यात स्लरी न जाणं आणि पुराचं पाणी कुरणात मुरणं याचे पैसे खालच्या गावाने द्यायलाच हवेत, हे पटलं.

चकवाचांदणं
रानजाई, मग तुमचं काय ठरलं? उत्सुकता लागून राहिली आहे.

रानजाई
तीन दिवस उत्तर देऊ शकले नाही, मेंढ्या हलवण्यात गेले. (डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तांबड्या क्लोव्हरवरून काढल्या. मेंढ्याची तपासणी झाली, तो ठणठणीत आहे. आता रक्ताच्या तपासणीची वाट बघतोय.)

काल रात्री तिघं स्वयंपाकघरात बसलो. मी हिशेबनीसांसारखी प्रत्येक कुरणाची वेगळी पानं केली होती. त्यातून जे दिसलं ते लिहिते.

हर्बल लेचे १४ हेक्टर: लावायला हेक्टरी पाचशेच्या आसपास गेले होते. चार वर्षांवर वाटले तर वर्षाला १२५. ३८२ मधून तेवढे काढून हेक्टरी २५७ उरतात, वर खत जवळपास शून्य, आणि यंदा ऑगस्टमध्ये आमच्याकडे हिरवं फक्त तेवढंच होतं. सासरे स्वतः म्हणाले, पैसे बंद झाले तरी हे मोडायचं नाही. हे वाक्य मी वहीत तारीख घालून लिहून ठेवलंय.

२२ हेक्टरपैकी १३ नदीकाठचे, ओले. तिथे खत घालूनही फारसं येत नव्हतं, नोव्हेंबरपासून पाणी साचतं. ते योजनेत राहणार, पुढचीही योजना आली तर जाणार. उरलेले ९ हेक्टर मात्र चांगले, दक्षिणेकडे उतार असलेले. ते आम्ही घाईत टाकले होते, कारण नकाशावर ती दोन्ही कुरणं शेजारी होती आणि अर्ज भरायला सोपं पडलं. कमी झालेले बहुतेक गोळे त्याच नऊ हेक्टरचे. म्हणजे सासरे त्या नऊ हेक्टरबद्दल बरोबर होते आणि नवरा बाकीच्याबद्दल. करार संपला की ते नऊ बाहेर.

गाईंचं ठरायला जास्त वेळ लागला. भाव चांगला आहे तोवर येत्या वसंतात आठ गाई वासरांसह विकायच्या आणि ३२ वर यायचं. जुना गोठा जवळजवळ रिकामा होईल. सासऱ्यांना हे जड गेलं. त्यातल्या तीन गाई त्यांच्या जुन्या मावळीच्या वंशातल्या आहेत (मावळी हे नाव मी ठेवलेलं, ते 'मॉली' म्हणतात). त्या तीन राहणार, दुसऱ्या तीन जाणार.

आलेल्या पैशातून पाण्याची लाइन आणि कुंड्या. कर्जाच्या कागदावर एसएफआयचा आकडा घालायचा नाही, यावर तिघांचं एकमत.

हिशेबनीस
आठ गाई एकाच आर्थिक वर्षात विकल्या तर कराकडे लक्ष ठेवा. तुमचा पूर्ण कळप कराच्या हिशेबात कसा धरला आहे ते तपासून घ्या, मग तारखा ठरवा.

रानजाई
हे लक्षातच आलं नव्हतं. उद्याच फोन करते.

ढवळ्यापवळ्या
ताई, कुंड्या घेताना छोट्या, हलवता येणाऱ्या घ्या. मोठी कुंडी एका जागी ठेवली की तिच्याभोवती चिखल होतो आणि तिथली चिकोरी पहिल्यांदा जाते. आणि पाण्याचा दाब चढावर किती राहतो ते लाइन गाडायच्या आधी बघा, आम्ही ते नंतर पाहिलं आणि साठ मीटर परत उकरलं.

सुगरण_पक्षी
मावळीचा फोटो टाका ना.

रानजाई
सकाळी काढते. आत्ता पाऊस आहे, आणि ती गोठ्याच्या दाराकडे पाठ करून बसली आहे.